वाचकांचे प्रश्न : एचआयव्ही उपचार केंद्रातली कोविड चाचणी

कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये जाहीर केले. विषाणू मात्र कुठे गेलेला नाही. एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी रोजची औषधे) घेणारे वाचक, उपचार केंद्रांतल्या परिचारिका, समुपदेशक आणि तंत्रज्ञ यांच्याकडून या विषयावरची पत्रे अजून येतात. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी आठ वर्षे एआरटी घेतो. व्हायरल लोड (रक्तातले एचआयव्हीचे प्रमाण) ‘आढळला नाही’ असा येतो. या गोळ्यांमुळे कोविडची चाचणी चुकीची येऊ शकते का? आणि एचआयव्हीच्या गोळ्या कोविडपासूनही वाचवतात, हे खरे का?

दोन्हींचे उत्तर नाही. आरटी-पीसीआर चाचणी कोरोना विषाणूच्या आरएनएमधले ठरावीक तुकडे शोधते, म्हणजे एन, ई, ओआरएफ१एबी अशा जनुकांचे भाग. एचआयव्हीचाही आरएनएच असतो, पण त्याची अक्षरमाला पूर्ण वेगळी. एकाला शोधायला टाकलेला गळ दुसऱ्याला लागत नाही. अँटिजेन किट विषाणूचे एन हे प्रथिन पकडते, त्याचाही एआरटीशी संबंध नाही.

दुसरा समज २०२० मधला. लोपिनाविर-रिटोनाविर ही एचआयव्हीची जोडगोळी तेव्हा कोविडसाठी वापरून पाहिली होती. ‘रिकव्हरी’ आणि ‘सॉलिडॅरिटी’ या दोन मोठ्या अभ्यासांत तिचा उपयोग दिसला नाही, आणि त्याच वर्षी तो विषय मिटला.

तुमच्या पत्रातला ‘आढळला नाही’ हा शब्दप्रयोग केंद्रांवर बराच गोंधळ घालतो. एकाच प्रयोगशाळेतून, कधी एकाच यंत्रावरून, दोन अहवाल येतात. एकावर ‘विषाणू आढळला’ लिहिलेले असते आणि माणूस हादरतो, कारण तो कोविडचा अहवाल व्हायरल लोडचा समजून वाचतो. अहवाल हातात आला की आधी चाचणीचे नाव पाहा, मग नमुना कशाचा ते पाहा. रक्त असेल तर व्हायरल लोड, नाकाघशातला स्वॅब असेल तर कोविड.

आणखी एक. व्हायरल लोड दबलेला आहे ही उत्तम गोष्ट, पण कोविडच्या दृष्टीने तुमचा शेवटचा सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) किती होता हेही तितकेच महत्त्वाचे. उपचार उशिरा सुरू झालेल्यांचा व्हायरल लोड काही महिन्यांत दबतो, सीडी४ मात्र वर्षानुवर्षे २०० च्या आसपास रेंगाळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२१ मध्ये मांडलेल्या माहितीत, कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी एचआयव्हीसह जगणाऱ्यांना मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के जास्त दिसला होता. हा आकडा सगळ्यांना सरसकट लावू नये. उपचार नियमित आणि सीडी४ चांगला असलेल्या माणसाचा धोका मुख्यतः वय, मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड यांवरून ठरतो.

प्रश्न : घरी अँटिजेन किटने तपासले, एकच रेघ आली. ताप मात्र आहे. कितपत विश्वास ठेवायचा?

‘पॉझिटिव्ह’वर बराच, ‘निगेटिव्ह’वर कमी. जागतिक आरोग्य संघटनेने अशा किटसाठी ठरवलेली किमान अट अशी : पीसीआरशी तुलना करता १०० बाधितांपैकी निदान ८० पकडता आले पाहिजेत. म्हणजे अट पूर्ण करणाऱ्या किटनेही पाचातला एक निसटू शकतो. म्हणून लक्षणे असतील तर ४८ तासांनी पुन्हा तपासायचे, आणि लक्षणे नसताना केवळ संपर्कामुळे तपासत असाल तर ४८-४८ तासांच्या अंतराने तीनदा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये हाच क्रम सांगितला. तुमचा सीडी४ २०० खाली असेल तर मात्र ४८ तास थांबू नका, पहिल्या निगेटिव्हनंतर लगेच पीसीआरसाठी नमुना द्या. तसे का, ते औषधांच्या प्रश्नात येईल.

आता हाताची कामगिरी. एकच रेघ येण्यामागे विषाणूचा अभाव असतो, तसा आळसही असतो.

किट फ्रिजमध्ये ठेवले असेल तर पाकीट न फोडता अर्धा तास बाहेर ठेवा. गार पट्टीवर रेघा भलत्याच उमटू शकतात, आणि उन्हात तापलेले किट बाधिताला सोडून देऊ शकते. आधी नाक शिंकरा, हात धुऊन कोरडे करा. स्वॅबच्या टोकाला बोट लावू नका. किट पुढच्या नाकाचे असेल तर टोक नाकपुडीत एक ते दीड सेंटिमीटर आत घाला आणि आतल्या भिंतीवर दाबून गोल फिरवा, निदान चार-पाच वेढे, साधारण १५ सेकंद. तोच स्वॅब दुसऱ्या नाकपुडीतही तसाच फिरवा. पोकळीत नुसता हलवून बाहेर काढलेला स्वॅब कोरडाच राहतो. चुका बहुतेक इथेच होतात.

मग द्रावणात बुडवून घुसळायचा आणि बाहेर काढताना नळी बोटांनी दाबून त्यातले पाणी पिळून घ्यायचे. थेंब किती, ते पत्रकात लिहिलेले असते. प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून मागच्या वेळच्या आठवणीवर जाऊ नका. थेंब जास्त पडले तर पट्टी ओली होऊन रेघ पुसट होते, कमी पडले तर द्रव ‘सी’ रेघेपर्यंत (चाचणी नीट झाल्याची खूण) पोचतच नाही. ‘सी’ रेघ नसेल तर चाचणी बाद, मग विषाणू दाखवणाऱ्या ‘टी’जवळ काहीही दिसो. घड्याळ लावा. बहुतेक किट १५ ते ३० मिनिटांत वाचायची असतात. दोन तासांनी कचऱ्याच्या डब्यात पाहिलेली फिकट रेघ धरायची नाही. वेळेत दिसलेली रेघ कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच.

प्रश्न : आमच्या केंद्रात रोज दीडशे-दोनशे लोक औषधे न्यायला येतात. दारातच प्रत्येकाची अँटिजेन चाचणी करावी, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. कर्मचाऱ्यांचीही दर आठवड्याला. उपयोग होईल का? (प्रभारी परिचारिका)

आग्रह समजण्यासारखा आहे, हिशेब मात्र जुळत नाही. समजा लाट नाही आणि येणाऱ्यांत शंभरात एक बाधित आहे. १,००० लोक तपासले, त्यांत बाधित १०. किट त्यांतले ८ पकडेल. उरलेल्या ९९० जणांना काही झालेले नाही. पण किमान अटीप्रमाणे किटची नेमकेपणाची पातळी ९७ टक्के धरली (बाधा नसलेल्या शंभरांपैकी ९७ जणांना निगेटिव्ह) तर त्यांतल्या सुमारे ३० जणांनाही पॉझिटिव्ह रेघ येईल. म्हणजे ३८ पॉझिटिव्हपैकी खरे फक्त ८. बाकी तीस जण औषध न घेता परत जातील किंवा घाबरून पुढच्या तारखेला येणारच नाहीत. एआरटी चुकण्याचा धोका ओढवून घेऊन आपण काय मिळवले?

तेच किट फक्त ताप, खोकला, घसादुखी असलेल्यांवर वापरा. लाटेत अशा १,००० जणांपैकी २०० बाधित असले तर १६० पकडले जातील आणि चुकीचे पॉझिटिव्ह २४ येतील. आता दहातले जवळपास नऊ पॉझिटिव्ह खरे. किट तेच, हात तेच. बदलले ते कोणाला तपासायचे एवढेच.

म्हणून दारात किटऐवजी चार प्रश्न विचारा : खोकला, ताप, घसा किंवा सर्दी, दम. ‘हो’ म्हणणाऱ्याला मास्क द्या, रांगेतून काढून उघड्या हवेत बसवा, तिथेच स्वॅब घ्या. निकाल येईपर्यंत त्याच्या गोळ्या तयार ठेवा आणि निकाल काहीही आला तरी त्या हातात देऊनच घरी पाठवा. तब्येत स्थिर असलेल्यांना एकदम तीन किंवा सहा महिन्यांची औषधे दिली की रांगच निम्म्याहून कमी होते, आणि कोविड रोखायला त्याची मदत कुठल्याही किटपेक्षा जास्त. खिडक्या उघड्या ठेवणे हे दुसरे. क्षयरोगासाठी ते आपण करायलाच हवे होते.

कर्मचाऱ्यांची दर आठवड्याची चाचणी शांत काळात सोडून द्या. नियम बाधिताच्या संपर्काला बांधा. मास्कविना बाधिताजवळ काम झाले असेल तर त्या दिवसाला शून्य धरून पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी चाचणी. संपर्कानंतर चोवीस तास होण्याआधी तपासण्यात अर्थ नाही, विषाणू तेवढा वाढलेलाच नसतो.

कर्मचारी स्वतः बाधित झाला तर कामावर कधी घ्यायचे, यासाठी अमेरिकेच्या सीडीसीची (रोग नियंत्रण संस्थेची) सप्टेंबर २०२२ ची पद्धत सोयीची वाटते. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल तर अर्थात तो पाळा. आजार सौम्य असेल, ताप उतरवणारे औषध न घेता २४ तास ताप नसेल आणि लक्षणे कमी होत असतील, तर सात दिवसांनी परत येता येते. त्यासाठी आधीच्या ४८ तासांतली चाचणी निगेटिव्ह हवी, आणि अँटिजेन वापरत असाल तर पाचव्या दिवशी एक व ४८ तासांनी दुसरी, दोन्ही निगेटिव्ह. चाचणी केलीच नाही किंवा पॉझिटिव्हच येत राहिली, तर दहा दिवस.

यात एक नाजूक गाठ आहे. तुमच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणी स्वतः एचआयव्हीसह जगत असेल आणि सीडी४ कमी असेल, तर त्याला दहा दिवसांचा नियम पुरेसा नाही. पण त्याने हे तुम्हाला सांगायलाच हवे असेही नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘प्रतिकारशक्ती कमी, चाचणी पाहून कामावर घ्यावे’ एवढे असले की पुरते. कारण विचारू नका.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत चार कप्प्यांचे एकच जीनएक्सपर्ट (पीसीआर पद्धतीने चाचण्या करणारे यंत्र) आहे. व्हायरल लोड, क्षयरोग आणि कोविड, तिन्ही त्यावरच. लाट आली की भांडणे होतात. (तंत्रज्ञ)

भांडण मिनिटांचे आहे, तेव्हा मिनिटेच मोजू. कोविडच्या कार्ट्रिजला (यंत्रात घालायची एका चाचणीची डबी) साधारण ४५ मिनिटे लागतात, क्षयरोगाच्या ‘अल्ट्रा’ला ८० च्या आसपास, व्हायरल लोडला ९०. आठ तासांत एका कप्प्यावर फार तर पाच व्हायरल लोड निघतात, चार कप्प्यांवर वीस. तुम्ही घातलेली दोन कोविड कार्ट्रिज म्हणजे एका व्हायरल लोडची जागा.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्या कोविड नमुन्यांचे उत्तर अँटिजेनवर मिळते ते यंत्राजवळ येऊच देऊ नका. लक्षणे आहेत आणि अँटिजेन पॉझिटिव्ह आहे, तर पीसीआरने खात्री करण्याची गरज नाही. यंत्र राखा ते अँटिजेन निगेटिव्ह पण सीडी४ कमी किंवा आजार वाढत असलेल्यांसाठी. एचआयव्हीच्या चाचण्यांत बाळांची तपासणी, गरोदर स्त्रिया आणि उपचार फसल्याचा संशय असलेले रुग्ण यांना कधीही मागे ढकलू नका. तब्येत स्थिर असलेल्याचा वार्षिक व्हायरल लोड दोन-तीन आठवडे थांबू शकतो. संशयित क्षयाची थुंकी थांबू शकत नाही.

कोविडच्या कार्ट्रिजमध्ये ३०० मायक्रोलिटर द्रव जातो. नमुन्यात शेंबडाची गुठळी असेल तर ती पिपेटमध्ये येऊ देऊ नका, नाहीतर यंत्र दाबाची चूक दाखवते आणि कार्ट्रिज वाया जाते. स्वॅब कृत्रिम धाग्याचा आणि प्लास्टिकच्या काडीचा असावा. कापूस आणि लाकडी काडी यांतले घटक पीसीआरच्या आड येतात. वाहक द्रवातला नमुना २ ते ८ अंशांवर ७२ तास टिकतो. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंश.

नमुने एकत्र करून तपासण्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. पाच जणांचे नमुने एकत्र केले की प्रत्येकाचा पाचपट पातळ होतो, त्यामुळे सीटी (विषाणू दिसायला यंत्राला लागलेली चक्रे) साधारण सव्वादोन चक्रांनी पुढे सरकतो. ३६-३७ ला येणारा क्षीण नमुना त्यात हरवू शकतो. बाधितांचे प्रमाण २ टक्के असेल तर पाचांच्या गटाने माणशी ०.३ चाचणी पडते, मोठी बचत. तेच प्रमाण १० टक्के झाले की माणशी ०.६ लागते, कारण अनेक गट उघडून पुन्हा तपासावे लागतात. म्हणून ही युक्ती लक्षणे नसलेल्या कर्मचाऱ्यांपुरती ठेवा आणि वापरण्याआधी ती तुमच्या किटवर पडताळून घ्या. आजारी रुग्णाचा नमुना गटात कधीच टाकू नका.

प्रश्न : पतीचा सीडी४ ८० आहे. कोविड होऊन २५ दिवस झाले, ताप नाही, तरी पीसीआर पॉझिटिव्ह. अजून वेगळे ठेवायचे का?

बाकी निरोगी माणसाबद्दल विचारले असते तर ‘पीसीआर पुन्हा करायलाच नको होता’ असे उत्तर दिले असते. मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात आठवडेच्या आठवडे राहतात आणि पीसीआर त्यांनाही मोजतो. सीडी४ ८० असताना मात्र दोन्ही शक्यता खऱ्या आहेत : नुसते अवशेष, किंवा अजून वाढणारा जिवंत विषाणू. दक्षिण आफ्रिकेत प्रगत एचआयव्ही असलेल्या एका व्यक्तीत कोरोना विषाणू २१६ दिवस सापडत राहिला, आणि त्या काळात त्यात बदलही साचत गेले.

इथे सीटी आकड्याची मदत होते, पण जपून. सीटी म्हणजे विषाणू दिसण्यासाठी यंत्राला किती वेळा दुप्पट करावी लागली. आकडा लहान तितका विषाणू जास्त, आणि सव्वातीन चक्रांचा फरक म्हणजे साधारण दहापट. मात्र वेगवेगळ्या किटचे सीटी एकमेकांशी ताडता येत नाहीत, आणि स्वॅब नीट घेतला नसेल तरी आकडा मोठा येतो. त्याच प्रयोगशाळेत काही दिवसांनी पुन्हा पाहा. २० वरून ३४ कडे चालला असेल तर चांगले लक्षण. २२-२३ वरच ठाण मांडून असेल तर विषाणू वाढतो आहे असे धरावे.

व्यवहारात, ४८ तासांच्या अंतराने दोन चाचण्या निगेटिव्ह आल्या की वेगळे ठेवणे थांबवता येते. त्यासाठी अँटिजेनही चालते आणि तुमच्या बाबतीत तेच बरे, कारण ते अवशेषांवर सहसा फसत नाही. अँटिजेन पॉझिटिव्हच राहिले तर संसर्गरोगतज्ज्ञांकडे न्या. आणि एआरटी एक दिवसही चुकवू देऊ नका. हा विषाणू शेवटी हटतो तो सीडी४ वाढल्यावरच.

प्रश्न : खोकल्यासाठी गेले, कोविड पॉझिटिव्ह निघाला, घरी पाठवले. तीन आठवडे झाले, खोकला आहेच आणि वजनही उतरले आहे.

कोविडची रेघ उमटली की बाकी तपास थांबतो, ही केंद्रांवर वारंवार होणारी चूक. एकाच फुप्फुसात दोन आजार असू शकतात. एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला, ताप, रात्री घाम, वजन घटणे यांपैकी एकही गोष्ट असेल तर थुंकीची क्षयासाठी तपासणी त्याच दिवशी, कोविडचा निकाल काहीही असो. तुम्ही ती उद्याच करून घ्या. थुंकी खोलीत नव्हे, उघड्यावर द्यायची. सकाळचा, खोल खोकून काढलेला बेडका हवा, तोंडातली लाळ नव्हे.

सीडी४ २०० खाली असेल आणि को-ट्रायमॉक्साझोल ही प्रतिबंधक गोळी बंद पडली असेल तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाही (बुरशीमुळे होणारा) डोक्यात ठेवावा. कोविडचा दम बहुधा आठवडाभरात वाढतो, याचा दोन-तीन आठवडे हळूहळू चढत जातो, खोकला कोरडा राहतो. बसल्या जागी ऑक्सिजन ९६ आणि खोलीत चार फेऱ्या मारल्यावर ९० असे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : पॉझिटिव्ह आल्यावर पॅक्सलोविड हे कोविडचे औषध घेता येते का? त्यातले रिटोनाविर तर एचआयव्हीचेच औषध.

बहुतेकांना येते. लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावे लागते, म्हणूनच सीडी४ कमी असलेल्याने निगेटिव्ह रेघ पाहून स्वस्थ बसू नये असे वर म्हटले. मात्रा : नर्मट्रेलविर ३०० मिलिग्रॅम आणि रिटोनाविर १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंडाचे काम मध्यम कमी असेल तर नर्मट्रेलविर १५० मिलिग्रॅम. एआरटीतल्या डोल्युटेग्राविरशी त्याचे वाकडे नाही. एआरटीत आधीच रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल तरी ते चालूच ठेवायचे, मात्रा बदलायची नाही.

अडचण दुसऱ्या गोळ्यांची. क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर पॅक्सलोविड चालत नाही, कारण रिफाम्पिसिन त्याची रक्तातली पातळी पाडते. ते बंद करूनही काही दिवस हा परिणाम राहतो. अशा वेळी डॉक्टर रेमडेसिविरसारखा दुसरा मार्ग पाहतात. कोलेस्टेरॉलसाठीचे सिम्व्हास्टॅटिन थांबवावे लागते. एचआयव्ही असून एआरटी घेतच नसलेल्याला हे देताना डॉक्टरांना तसे सांगाच. एकट्या रिटोनाविरमुळे प्रोटीएज गटाच्या औषधांना एचआयव्ही दाद न देण्याची शक्यता असते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, नावे तोंडी सांगू नका.

प्रश्न : अँटिबॉडी तपासून घेऊ का? आणि कोविड लशीमुळे एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह येते, असे ऐकले.

आता आजारी आहात का, हे अँटिबॉडी सांगत नाहीत. लस घेतलेल्याला विषाणूच्या एस प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी असणारच. एन विरुद्धच्या असतील आणि कोव्हॅक्सिनसारखी, अख्ख्या निष्क्रिय विषाणूची लस घेतलेली नसेल, तर बहुधा संसर्ग होऊन गेला. सीडी४ फार कमी असेल तर संसर्ग होऊनही त्या तयार न झालेल्या असू शकतात. पैसे वाचवा.

लशीच्या अफवेमागे एक खरी घटना आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या प्रायोगिक लशीत एचआयव्हीच्या एका प्रथिनाचा निरुपद्रवी तुकडा वापरला होता. त्यामुळे लस घेतलेल्यांच्या काही एचआयव्ही चाचण्या चुकीच्या पॉझिटिव्ह येऊ लागल्या. कुणाला एचआयव्ही झाला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये ती लस सोडून देण्यात आली, ती बाजारात आलीच नाही.

प्रश्न : कोविड चालू असताना सीडी४ तपासला तर?

खाली येईल आणि उगाच धास्ती बसेल. तीव्र आजारात रक्तातल्या लिम्फोसाइट पेशीच घटतात, त्यांच्याबरोबर सीडी४ चा आकडाही. तपासणी टाळता येत नसेल तर सीडी४ ची टक्केवारी पाहा, ती तुलनेने स्थिर राहते. नेहमीची तपासणी असेल तर बरे झाल्यावर चार-सहा आठवड्यांनी करा, आणि तोवरचे निर्णय आजारापूर्वीच्या आकड्यावर घ्या.